परसबागेचे बी आणि घरचे आरोग्य

गेल्या महिन्यात दारव्हा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, रोज पालेभाजी खा, असे आपण या सदरात वारंवार सांगता. पण आमच्या गावात भाजी येते ती बाजाराच्या दिवशी. दोन दिवसांत ती सुकते. बाकीचे पाच दिवस डाळ, बेसन आणि ठेचा. आम्ही काय करावे?"

प्रश्न रास्त आहे. औषध लिहून देणाऱ्याने ते कुठे मिळेल हेही सांगायला हवे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच घरामागे, न्हाणीजवळच्या चार हात जागेत आहे. हस्त नक्षत्र लागले की पावसाचा जोर ओसरतो, ऊन कोवळे होते आणि मेथी, सांबार, पालक पेरण्याचे दिवस येतात. म्हणून आजचा लेख परसबागेतल्या बियांविषयी.

मी शेतीतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या ठिकाणी पंचवीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण रक्तक्षयाचे. दुसरे कारण माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे.

रक्तक्षय आणि पालेभाजी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे दोन स्त्रिया शेजारी बसल्या तर त्यांतली एक रक्तक्षयाची. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅम तरी असावे. माझ्याकडे सात-आठ ग्रॅम घेऊन चालत येणाऱ्या आणि "थोडा थकवा वाटते जी" एवढेच सांगणाऱ्या भगिनी दर आठवड्याला असतात.

येथे एक गैरसमज दूर करतो. केवळ पालेभाजी खाऊन सातचे बारा होत नाहीत. त्यासाठी लोहाच्या गोळ्याच हव्यात. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर प्रत्येकी १८० दिवस त्या घ्यायच्या असतात व सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. (सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत.) मग भाजी कशासाठी? भरून निघालेले रक्त पुन्हा कमी होऊ नये म्हणून. पालेभाजीतून लोहाबरोबर फॉलिक ॲसिड, अ जीवनसत्त्व आणि क जीवनसत्त्व मिळते. पालकात लोह असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे ते शरीराला फारसे लागत नाही. म्हणून एकट्या पालकावर न थांबता मेथी, चवळई, मुनग्याचा पाला, सांबार असे आलटून पालटून खावे. भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये.

माझा अर्धवट सल्ला

आता माझ्या चुकीविषयी. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका खेड्यातील सून सातव्या महिन्यात तपासणीला आली. हिमोग्लोबिन ७.८. गोळ्या दिल्या आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, "घरामागे मेथी आणि सांबार पेर, बाई. महिनाभरात ताजी भाजी मिळेल." नवऱ्याने दुकानातून मेथीच्या बियांचे पाकीट आणले. अर्धे पेरले, अर्धे फळीवर राहिले. भाजी छान आली. मला आणून दाखवलीही.

पुढे बाळंतपण झाले. सासूबाईंनी मेथीचे लाडू करायला घेतले. किराणा दुकानातली मेथी कमी पडली, तेव्हा फळीवरचे पाकीट आठवले. त्या बियांवर गुलाबी रंग होता. सासूबाईंनी त्या तीन पाण्यांनी धुतल्या, उन्हात वाळवल्या, तुपात भाजल्या आणि दळून लाडवात घातल्या. मेथीचा लाडू कडूच असतो, त्यामुळे चवीचा संशय कोणालाच आला नाही. दोन तासांत सासू-सून दोघींना मळमळ, उलट्या, पोटात आग आणि डोकेदुखी सुरू झाली. दोघींना दोन दिवस सलाईन लावावे लागले. बाळाला बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवले. सुदैवाने सारे सुखरूप घरी गेले.

सासूबाई पुनःपुन्हा एकच सांगत होत्या, "धुतली होती ना जी मी, तीन पाण्यानं. रंग सारा गेला होता." त्यांना मी काय बोलणार? पाकिटावरची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत होती. ती वाचून दाखवण्याचे काम माझे होते. बी पेरा, एवढे मी सांगितले. कोणते बी, आणि उरलेल्या बियांचे काय करायचे, हे सांगितले नाही. तेव्हापासून परसबागेचा सल्ला देताना मी आधी बियांविषयी बोलतो.

रंगीत बी म्हणजे औषध लावलेले बी

जमिनीतल्या बुरशीने बी कुजू नये म्हणून विक्रीच्या बियांना थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. काहींना कीटकनाशकही लावतात. असे बी ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा रंग देतात. हे बी खाऊ नये, जनावरांना घालू नये, त्याचे तेल काढू नये, अशी सूचना पाकिटावर असते. रंग ही केवळ खूण आहे. रंग धुतला गेला म्हणजे विष गेले असे होत नाही.

या गैरसमजाची जगातली सर्वांत मोठी किंमत इराकने मोजली. तेथे १९७१ साली दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून गहू व बार्ली आणली. त्या बियांना पाऱ्याचे विषारी बुरशीनाशक लावलेले होते आणि खुणेसाठी लाल रंग दिलेला होता. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत होत्या. भुकेल्या शेतकऱ्यांनी रंग धुऊन त्या धान्याच्या रोट्या केल्या. सरकारी नोंदीनुसार साडेसहा हजारांवर माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि ४५९ दगावली. आपल्याकडील थायरम पाऱ्याइतके जहाल नाही. पण चूक तीच, आणि ती आपल्या फळीवरही होऊ शकते.

म्हणून एक नियम पाठ करावा. स्वयंपाकघरातले बी परसात जाऊ शकते, पण परसातले पाकीट स्वयंपाकघरात कधीही येता कामा नये. उरलेले रंगीत बी कुलपात ठेवावे किंवा पेरून टाकावे. रंगीत बी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. थायरम अंगात गेल्यावर वर दारू घेतली तर त्रास फार वाढतो, हे बंधूंनी लक्षात ठेवावे.

बी कोणते घ्यावे?

परसबागेसाठी शक्यतो रंग न लावलेले बी घ्यावे. मेथी, धने, ओवा, अहळीव, चवळी ही बी किराणा दुकानातच मिळते. ती खाण्यासाठीच असल्यामुळे तिला बुरशीनाशक चोळलेले नसते. फक्त धने आणि ओवा भाजलेला नको, अख्खा व नवा हवा.

पालक, वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांसाठी देशी किंवा सुधारित वाणाचे बी घ्यावे. संकरित, म्हणजे हायब्रीड वाणाच्या फळातले बी धरले तर पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. देशी वाणाचे बी मात्र वर्षानुवर्षे घरचे धरता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान भाज्यांची आणि धान्यांची बियाणे जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याही गावात जुन्या घरी वालाचे, दुधीचे, गावरान वांग्याचे बी एखादी आजी राखेत घोळून ठेवत असेल. तिच्याकडून मूठभर मागून आणावे.

बी जिवंत आहे का?

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात किती तक्रारी झाल्या, हे वाचकांना आठवत असेल. परसबागेत नुकसान थोडे होते, पण हिरमोड होतोच. म्हणून पेरण्याआधी वीस बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात. फडके सावलीत ठेवून ओलसर राखावे. मेथी तीन-चार दिवसांत, टोमॅटो आठवडाभरात, सांबार दहा-बारा दिवसांत मोड दाखवतो. वीसपैकी चौदा-पंधरा उगवले तर बी चांगले. दहाच उगवले तर दुप्पट पेरावे. पाच उगवले तर दुसरे बी आणावे. कांद्याचे बी वर्षभरातच कमजोर होते. टोमॅटो-वांग्याचे कोरड्या जागी ठेवल्यास तीन-चार वर्षे टिकते.

माती आणि वाफा

आपली काळी माती कपाशीला उत्तम, पण कोवळ्या कोंबाला जड. पाणी दिले की चिखल, वाळली की भेगा. म्हणून एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग रेती असे मिश्रण करावे. ओले शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळ्या जळतात आणि रोगजंतूही वाढतात. जमिनीवर वीतभर उंच गादीवाफा करावा, म्हणजे पाणी साचत नाही. जागा नसेल तर तेलाचा डबा, फुटका माठ, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्याही चालतात. बुडाला छिद्र पाहिजे. कीटकनाशकाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरू नये.

पेरणी अशी करावी

बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे, हा सर्वसाधारण नियम. मी स्वतः पहिल्या वर्षी मेथी चार बोटे खोल पुरली आणि आठ दिवस कोऱ्या मातीला पाणी घालत बसलो. शेवटी आमच्या कंपाउंडरने माती उकरून दाखवली.

मेथी : रात्रभर भिजवून अर्धा बोट खोल ओळीत पेरावी. महिनाभरात कापणीला येते.

सांबार : प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. म्हणून लाटण्याने हलकेच दोन फाकी कराव्यात, पीठ करू नये. बारा तास भिजवून पेरावे. दहा-बारा दिवस धीर धरावा. उन्हाळ्यात तो नीट उगवत नाही.

पालक : रात्रभर भिजवून पेरावा. आठवडाभरात उगवतो. बुडापासून न उपटता पाने खुडावीत, म्हणजे पुन्हा फुटतात. मुतखड्याच्या रुग्णांनी पालक बेताने खावा.

अहळीव : भिजवू नये, बुळबुळीत होतो. ओल्या मातीवर नुसता शिंपडावा. दोन-चार दिवसांत कोंब दिसतात. मुलांच्या हाताने पेरायला याहून सोपे बी नाही.

ओवा आणि बडीशेप : बी बारीक, म्हणून कोरड्या रेतीत मिसळून पेरावे व वरून चिमूट-चिमूट खत भुरभुरावे.

वांगी, टोमॅटो, मिरची : आधी वाफ्यात किंवा डब्यात रोप करावे. टोमॅटोचे रोप चार आठवड्यांत, वांग्याचे व मिरचीचे पाच-सहा आठवड्यांत लावणीला येते. संध्याकाळी लावावे.

भेंडी, दुधी, दोडका, कारले : यांची वेळ मृगात किंवा संक्रांतीनंतर. कारल्याचे कवच टणक असते. ते दिवसभर भिजवून थेट जागेवर दोन-दोन बिया टोचाव्यात.

पुदिना, गवती चहा आणि मुनगा यांना बियांची गरजच नाही. शेजाऱ्याकडून काडी, ठोंब किंवा फांदी आणून लावावी.

पेरल्यावर वाफ्यावर वाळलेले गवत अंथरावे आणि कोंब दिसताच काढावे. पाणी झारीने, सकाळी, बेताचे. रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडते, त्याला मर म्हणतात. ती बहुधा जास्त पाण्याने व दाटीने होते. म्हणून विरळणी करावी. उपटलेली कोवळी मेथी-चवळई भाजीतच जाते, वाया जात नाही.

बागेतून दवाखान्यात येऊ नये म्हणून

१. बागेत अनवाणी जाऊ नये. उघड्यावर शौचाला बसण्याची सवय असलेल्या ठिकाणी ओल्या मातीत आकडेकृमीची अळी असते. ती तळपायाच्या कातडीतून अंगात शिरते आणि आतड्यात राहून रक्त पिते. रक्त वाढावे म्हणून बाग करायची आणि अनवाणी पायांनी रक्त घालवायचे, असे होऊ नये.

२. संडासाचे किंवा गटाराचे पाणी बागेला देऊ नये. न्हाणीचे पाणी दुधी-मुनग्याला चालेल, पण सांबार-पुदिन्यासारख्या कच्च्या खाण्याच्या पाल्यावर नको. पाला दोन-तीन पाण्यांनी धुऊनच वापरावा.

३. मातीत व शेणखतात धनुर्वाताचे जंतू असतात. काटा, विळा, खिळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यावे.

४. कुंड्यांखालच्या ताटल्या, डबे, टाकी यांत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा.

५. मावा किंवा अळी दिसली तर शेतातले औषध परसात आणू नये. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष दोन दिवसांनी खुडायच्या मेथीवर मारणे म्हणजे ते ताटात वाढणे होय. किडकी पाने खुडून टाकावीत. फारच झाले तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. शेतातला फवारणी पंप बागेसाठी वापरू नये.

६. चुकून कोणी रंगीत बी किंवा औषध खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, ताक यांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी आणि पाकीट किंवा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. डबा पाहिला की उपचाराची दिशा ठरते.

शेवटी, पत्र लिहिणाऱ्या भगिनीस. आपण एकदम सगळे करू नका. या हस्तात फक्त मेथी, सांबार आणि पालक पेरा. सगळे बी एकाच दिवशी न पेरता दर आठ दिवसांनी हातभर ओळ पेरत जा, म्हणजे बाजाराची वाट न पाहता आठवड्यातून तीन-चार दिवस ताजी भाजी निघेल. काही अडचण आली तर यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि रक्त तपासून घ्यायला मात्र दवाखान्यातच या.

त्या बाळंतिणीचे काय झाले, असे कोणी विचारील. गोळ्या तिने नेमाने घेतल्या आणि परसबागही सोडली नाही. वर्षभराने हिमोग्लोबिन ११.६ भरले. सासूबाई सोबत होत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घरच्या मेथीचे मूठभर बी काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे पाहा जी, याले रंग नाही. घरचं हाय. पेराले बी चालते न् लाडवाले बी."